अँटेनाला लावायचं तेल आणि एक राहिलेला फेटा

मुक्काम आपलं नेहमीचंच गाव, तालुका फलटण
रविवार, ११ जानेवारी, सकाळचा दुसरा चहा झाल्यावर

सन्माननीय, आदरणीय, माननीय, श्रीयुत नाथाजीराव साहेब, माजी सुभेदार, हल्ली वस्ती सांगली, यांना माजी नायब सुभेदार लालासाहेब याचा टाच मारून सॅल्यूट.

(वरच्या पदव्यांत एखादी राहिली असेल तर पेनानं आपली आपण घालून घ्यावी. त्यासाठी दोन बोटं जागा मुद्दाम सोडली आहे. मागच्या वेळी राहिलं त्याचे भोग आपण दोघंही भोगतोय.)

तुझा गुडघा कसा आहे? डावा म्हणतोय मी. उजव्याचं ऑपरेशन झालं ते शकुंतला वहिनींनी अंजनाला सांगितलं. बायका एकमेकींशी बोलत असतात, आपल्याला उगीच वाटतं की आपण बोलणं बंद केलं म्हणजे दोन्ही घरांचं बंद झालं. वहिनींना माझा नमस्कार सांग. इकडं माझी शुगर ठीक, प्रेशर ठीक, अंजनाची कंबर थंडीनं धरते पण तोंड चालू आहे. फक्त माझं डोकं ठिकाणावर नाही, आणि ते का नाही हे कळवायलाच कागद घेऊन बसलोय. फोन केला असता, पण तू उचलत नाहीस. दिवाळीला व्हॉट्सअॅपवर पणतीचं चित्र पाठवलं, त्याच्यापुढं अजून एकच खूण आहे. आमचा पोरगा वीरधवल म्हणाला, अण्णा, काकांनी तुम्हाला ब्लॉक केलंय. मी त्याला हसलो. म्हटलं, आमच्या नाथाला मोबाईलची बॅटरी लागली तर बंद करता येत नाही, उशीखाली दाबून ठेवतो, तो काय ब्लॉक करतोय! पण वीस महिने झाले म्हटल्यावर माणसाला संशय यायला पाहिजे. तेव्हा म्हटलं पत्र बरं. पोस्टमन टाकून जाईल आणि तू चष्मा शोधायला लागशील.

तर कामाचं तेवढं बोलतो. आपल्या मोटारीचा अँटेना अडकलाय. त्याला कोणतं तेल लावायचं ते एका ओळीत कळव. बास. पत्र खरं म्हणजे इथंच संपलं. पण एका ओळीत विचारलं तर तू एका शब्दातही उत्तर देणार नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून सगळा रिपोर्ट सविस्तर देतो.

तुला आठवत असेल (न आठवायला काय झालं, बावीस वर्षं झाली), आपण दोघं एकाच महिन्यात पेन्शनवर आलो आणि पुण्याच्या कर्नलसाहेबांची ती पांढरी लांबडी मोटार दोघांत मिळून घेतली. मी तेव्हा म्हणालो होतो की स्कूटर घेऊ दोन. तू म्हणालास, स्कूटरला असला अँटेना असतो का? त्या अँटेनावरच तू भुलला होतास. रेडिओचं बटण दाबलं की मागच्या पत्र्यातल्या भोकातून घुर्र करत दांडी वर यायची, एका नळीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, आणि बटण बंद केलं की तशीच मुकाट्यानं आत. तेव्हा ठरलं की गुढीपाडव्यापासून दिवाळीच्या पाडव्यापर्यंत मोटार तुझ्याकडं सांगलीला, आणि दिवाळीच्या पाडव्यापासून गुढीपाडव्यापर्यंत माझ्याकडं. पाडव्याला ज्याच्याकडं असेल त्यानं दुसऱ्याच्या दारात न्यायची आणि गार्ड बदलतात तशी ताब्यात द्यायची. हॉर्न ठीक, वायपर ठीक, दिवे ठीक, अँटेना वर, अँटेना खाली, ठीक. मग जेवण. वीस वर्षांत एक पाडवा चुकला नाही. आता तीन चुकले आणि येत्या गुढीपाडव्याला चौथा येईल. तो चुकू नये आणि मोटार ठीकठाक तुझ्या दारात उभी राहावी, एवढीच माझी इच्छा आहे. अँटेना अडकलेली मोटार घेऊन मी तुझ्या दारात कोणत्या तोंडानं येऊ?

खंडेनवमीला मोटार धुतली, हार घालायच्या आधी म्हटलं एकदा बटण दाबून बघू. घुर्र झालं. दांडी चार बोटं वर आली आणि कट-कट-कट करत तिथंच थांबली. वरही जाईना, खालीही जाईना. अंजना हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी, भावकीतली चार माणसं उभी, आणि मी बटण दाबतोय. नाथा, चोवीस वर्षं मी सिग्नल्समध्ये काढली. राजस्थानच्या वाळूत आणि लडाखच्या बर्फात वायरलेसचे चाळीस-चाळीस फुटी मास्ट उभे केले. आणि माझ्या स्वतःच्या अंगणात, माझ्या चुलतभावांच्या देखत, तीन फुटी काडी उभी राहीना. मी त्यांना म्हणालो, थंडीनं आखडलाय. ऑक्टोबरात.

पहिलं तेल माझंच. खोबरेल. घरात समोर ते दिसलं म्हणून ते लावलं. दोन दिवस बरं वाटलं, दांडी सहा बोटं येऊ लागली. मग दिवाळी झाली, थंडी पडली आणि खोबरेल आतल्या आत थिजलं. सकाळी उठून बघतो तर भोकाच्या तोंडाशी पांढरी मेणबत्ती. आता हे तू केलं असतंस तर मी तुला आयुष्यभर बोललो असतो, हे मान्य करतो.

ती बातमी गावात पसरली. साखर कारखान्यातला अर्जुना फिटर तुला माहीत आहे, माझ्या मागच्या आळीचा, आता रिटायर झाला. तो डबा घेऊनच आला. म्हणाला, आवं फौजी, खोबरेल लावायला ती काय पोरीची येणी हाय व्हय? ह्ये ग्रीस लावा, ह्याच्यावर अख्खा रोलर फिरतुया. त्यानं दोन बोटं भरून ग्रीस स्वतःच्या हातानं लावलं आणि ओट्यावर बसून चहा घेतला. त्याच्या मागोमाग धोंडुबाई चुलती आली. ती आता पंच्याऐंशीची आहे, तिला मोटारीतलं काही कळत नाही असं म्हणायची सोय नाही, कारण ती लगेच रडते. ती म्हणाली, लाला, आत अडकलंय म्हंजी एरंडेलच पायजे, दुसरं काय बी न्हाई. आणि वाटीतून आणलेलं एरंडेल तिनं भोकात ओतलंच, वर माझ्या मोटारीच्या पत्र्यावरून मायेनं हात फिरवला. अंजनानं शिलाई मशीनचं तेल काढलं, कारण तिच्या मते मशीनची सुई आणि अँटेना दोघंही वरखाली होतात, तेव्हा तेल एकच लागणार. (हे ऐकायला बरोबर वाटतं. त्यात चूक काय आहे ते मला आजही सांगता येत नाही.) शेवटी वीरधवल शनिवारी शिरवळहून सुट्टीवर आला, त्यानं कंपनीतून एक फवारा आणला होता. त्याला पुढं लाल बारीक नळी असते. तो म्हणाला, अण्णा, ह्यात सिलिकॉन आहे, बाकी कशाला हातसुद्धा लावू नका. मी म्हटलं बरं, आणि तोही मारून घेतला.

म्हणजे एका अँटेनाला पाच तेलं झाली. तू म्हणशील, लाला, तुला एकाला तरी नाही म्हणता आलं नाही का? नाही आलं. आणि का नाही आलं तेच सांगतो, कारण ह्या सगळ्याचं मूळ तुझ्यातच आहे.

आपल्याकडं लग्नात अक्षता पडायच्या आधी माईकवर सत्कार चालतात. पुढाऱ्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत एकेकाचं नाव पुकारायचं, स्टेजवर बोलवायचं, फेटा बांधायचा, हातात नारळ द्यायचा, फोटो काढायचा. मुहूर्त टळला तर भटजी समजून घेतात, नाव टळलं तर कोणी समजून घेत नाही. वीरधवलच्या लग्नाची यादी मी स्वतः बसून केली. एकेचाळीस नावं. फलटणची, सातारची, मेढ्याची, माझ्या मेव्हण्याच्या मेव्हण्याचंसुद्धा. तुझं नाव माझ्या डोक्यातच आलं नाही. का नाही आलं? अरे, वीरधवलचं तरी कुठं आलं होतं? अंजनाचं आलं होतं? माझं आलं होतं? घरच्या माणसाला कोण फेटा बांधतं, मर्दा? तू तीन दिवस आधी आलास, मंडप तू बघितलास, आचाऱ्याशी मिठावरून भांडलास, पार्किंगला शिट्टी घेऊन तू उभा. मला वाटलं हा तर आपलाच. पाहुण्यांचा मान राखायचा, आपल्या माणसाला राबवायचं, हे मी माझ्या बापाकडून शिकलो आणि तेच केलं.

पण तू मध्यस्थ होतास. मयूरीचं स्थळ तू आणलंस. हरिभाऊ व्याह्यांच्या घरी पहिल्यांदा तू गेलास आणि माणसं चांगली आहेत, पोह्यात शेंगदाणे भरपूर होते, असा मला फोनवर रिपोर्ट दिलास. मध्यस्थाचा मान पहिला असतो हे धोंडुबाईलासुद्धा माहीत आहे. आणि त्यावर कडी म्हणजे एकेचाळीस नावं झाल्यावर एक फेटा उरला. बांधणारा म्हणाला, ह्याचं काय करू? मी घाईत होतो, म्हटलं, मंडपवाल्याला बांध. मंडपवाल्याला, नाथा! त्याला फेटा बांधला आणि टाळ्यापण पडल्या. अंजना म्हणते, तू माईकच्या शेजारी उभा होतास आणि टोपी काढून खिशात घातली होतीस. मला दिसलं नाही. देवाशप्पथ सांगतो, मला दिसलं नाही. मी नंतर जेवणाच्या पंगतीत तुला शोधलं. तू मोटारीची किल्ली बॉनेटवर ठेवून, न जेवता, फलटणहून एसटी धरून गेलेला होतास.

त्या दिवसापासून मला कोणाचं काही वगळायची भीतीच बसलीय. दुकानात गेलो तर चारही कंपन्यांचा चहा घेतो. एकाचं नाव राहिलं तर एवढ्या वर्षांचा सोबती जातो, मग एका बोटाचं ग्रीस राहिलं तर अर्जुना जाणार नाही कशावरून? धोंडुबाईचं एरंडेल नको म्हटलं तर ती ह्या वयात कुठं जाणार? म्हणून मी सगळ्यांचा मान राखला. जो येईल त्याचं तेल. जावळी तालुक्यातले पाहुणे आले होते, त्यांनी तूप सुचवलं, तेवढं मात्र अंजनानं डबा पोटाशी धरून वाचवलं.

ह्याचा परिणाम काय झाला ते ऐक. सध्या ऊसतोडणी चालू आहे. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचा धुरळा दिवसभर दारावरून जातो, आणि कारखान्याच्या चिमणीतून काळी भुकटी उडते ती वेगळीच. तेलावर ग्रीस, ग्रीसवर एरंडेल, त्यावर हा धुरळा. दांडीला खाली-वर शेंगदाण्याच्या चटणीसारखा थर बसला. त्यात अर्जुनाच्या डब्याला कारखान्यातली मळी लागलेली असणार, कारण एका सकाळी मुंग्यांची रांग शिस्तीत भोकातून आत जाताना दिसली. बटण दाबलं की आतून आता घुर्रसुद्धा येत नव्हतं, नुसतं हं… असं काहीतरी यायचं.

शेवटी मी साताऱ्याला गेलो. पोवई नाक्याच्या बाजूला स्पेअर पार्टची दुकानं आहेत, त्यातल्या एका वयस्कर दुकानदाराला सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे विचारलं, काका, ओलं पायजे का कोरडं? मी म्हटलं, तेल पाहिजे. तो म्हणाला, तेच की, ओलं तेल का कोरडं तेल? आता मला सांग, नाथा, तेल कोरडं कसं असेल? कोरडं असलं तर ते तेल कसलं? त्यानं एक डबी दाखवली, त्यात काळी पूड होती. म्हणाला, ग्राफाइट, पेन्सिलीतलं शिसं. दुसरा एक फवारा दाखवला, मारताना ओला असतो आणि मारल्यावर वाळून जातो म्हणे. मी म्हटलं, वाळून गेला तर उरलं काय? तो म्हणाला, गुळगुळीतपणा. मी हवेत बोट फिरवून बघितलं. मग मी त्याला विचारलं की जाड तेल बरं का पातळ? तो म्हणाला, पातळ. मी विचारलं, मग जाड ग्रीस कशाला असतं? तो म्हणाला, जाड कामाला. मी तिथं स्टुलावर बसून पाणी मागितलं.

त्यात मोबाईलवरही बघितलं होतं. एक परदेशी माणूस सांगतो की अँटेनाला तेलाचा थेंबसुद्धा लावू नका. त्याच्याच खाली दुसरा सांगतो की दर महिन्याला लावाच. तिसरा काही सांगतच नाही, अँटेना उपटतो आणि नवा बसवतो. तिघांच्याही अंगात स्वच्छ कपडे, तिघांचेही अँटेने सुरू. माझा विश्वास तिघांवरही बसला, आणि घोळ तिथंच झाला.

दुकानदार बाहेर येऊन मोटार बघून गेला. खाली वाकला, वास घेतला, पुन्हा वास घेतला. म्हणाला, काका, ह्यात एरंडेल कुणी घातलं? मी म्हटलं, आमच्या चुलतीनं. त्यानं बोट फडक्याला पुसलं. मग म्हणाला, रेडिओ चालतो का? तेव्हा माझ्या लक्षात आलं की रेडिओ नाहीच. वीरधवलनं लग्नाच्या आधी तो काढून मोबाईलवर चालणारा प्लेअर बसवला, अँटेनाची वायर तेवढी बटणाला जोडून ठेवली, तू सांगितलंस म्हणून. म्हणजे अँटेना वर गेला तरी काही धरत नाही. आपण पेन्शनवाले सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानावर सावधानमध्ये उभे राहतो तसाच उभा राहतो आणि खाली येतो. दुकानदार म्हणाला, मग कशाला एवढा जीव टाकताय? त्याला मी काय सांगू? त्याला ताब्यात द्यायची पद्धत कुठून कळणार!

जाताना तो एवढंच म्हणाला की ह्याला तेल लावायची गरज नसते, ह्याला पुसायला लागतं. दर आठवड्याला वर करायचा, फडक्यानं पुसायचा, मग खाली सोडायचा. आधी कोण करत होतं हे? मी म्हटलं, आमचा एक माणूस होता. तो म्हणाला, मग त्यालाच विचारा की. तिथून फलटणला येईपर्यंत मी गाडीत गाणंसुद्धा लावलं नाही.

मला आठवतं, तू जुनी बनियन फाडून त्याचं फडकं खिशात ठेवायचास. मोटार बंद करायच्या आधी खाली उतरून दांडी वरून खाली पुसून घ्यायचास, आणि मी स्टेअरिंगवरून ओरडायचो की नाथ्या, चल, जेवण निवतंय. पण त्या फडक्याला काहीतरी लावलेलं असायचं. वास यायचा. रॉकेलचा नव्हता, खोबरेलाचा नव्हता. ते काय होतं? मी इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नाही, कारण तू होतास. तेवढं कळव. पोस्टकार्ड पाठवलंस तरी चालेल. वहिनींच्या हातून अंजनाला फोन करवलास तरी चालेल, मी स्पीकरवर ऐकेन आणि बोलणार नाही.

असो. लिहिताना कमीजास्त झालं असेल तर दुसऱ्या कुणाला वाचून दाखवू नकोस. थंडी आहे, गुडघ्याला गरम पट्टी बांधत जा. माझ्याकडून सगळ्यांना यथायोग्य.

तुझा,
लाला

ता.क. : पाकिटाला खळ लावत होतो तेवढ्यात अंजनानं पत्र ओढून घेऊन वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. म्हणाली, चार पानं ग्रीसवर लिहिलीत आणि नातीचा एक शब्द नाही! तर कळवतो की मयूरीला चौदा डिसेंबरला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण म्हणून ती सांगलीलाच आहे, हरिभाऊंकडं, म्हणजे तुझ्या घरापासून मोजून दोन गल्ल्या. तुला कळलं असेलच. कळूनही तू फोन केला नाहीस, आणि मी न कळवता राहिलो, तेव्हा दोघांनी सारखाच गाढवपणा केला असं धरून चालू. मुलगी गोरी आहे, झोपते फार, आणि नाक आमच्या घरचं आहे. ते सोडलं तर चांगली आहे.

ता.क. दुसरा : अंजना शेजारी बसून आहे आणि म्हणते की खरं लिहा. खरं म्हणजे अँटेना गेल्या मंगळवारीच सुरू झाला. दुकानदारानं सांगितलं तसं मी तीन दिवस बसून रॉकेलच्या फडक्यानं पुसून काढला, मुंग्या काढल्या, अर्जुनाला दिसू नये म्हणून मोटार गोठ्यामागं लावून पुसला. आता सरसर वर जातो, सरसर खाली येतो. त्याला काहीही लावायचं नाही. तू तेल पाठवू नकोस.

ता.क. तिसरा, आणि महत्त्वाचा तोच : बारसं पंचवीस तारखेला, रविवारी, हरिभाऊंच्या दारात आहे. मयूरीला आणि बाळाला त्याच मोटारीतून घरी आणायचं ठरलंय. हरिभाऊंनी आमच्या बाजूच्या माणसांची यादी मागितली आहे, कारण तिथंही माईक आहे आणि फेटे आहेत. त्यांनी कागदाचा फोटो पाठवलाय, त्यावर दोन रकाने आहेत. एक घरची मंडळी, दुसरा पाहुणे मंडळी. फेटा फक्त पाहुण्यांना. दहा दिवस झाले, तो फोटो मोबाईलमध्ये तसाच आहे. तुला पाहुण्यांत घातलं तर तुझं नाव पुकारलं जाईल, फेटा मिळेल, पण मग तू माझ्या घरचा राहणार नाहीस. घरच्यांत घातलं तर परत माईकशेजारी टोपी काढून उभा राहशील. मला खरंच कळत नाही, नाथा. मी चुकलो एवढं मला कळतं. पण कुठल्या रकान्यात चुकलो ते वीस महिने झाले तरी कळत नाही. तेल विचारणं सोपं होतं म्हणून ते विचारलं. तुला कुठं घालू ते सांग.

ता.क. शेवटचा : मी वरचं लिहून चहा घ्यायला उठलो तेवढ्यात अंजनानं यादी भरून हरिभाऊंना पाठवूनसुद्धा दिली. घरची मंडळी, पहिलं नाव, नाथाजीराव, नातं : आजोबा. दुसरं नाव, शकुंतलाबाई, नातं : आजी. मी म्हटलं, माझं कुठंय? तर माझं पाहुण्यांत, फेटा नंबर एक. म्हणते, मुलीच्या माहेरी मुलाचा बाप पाहुणाच असतो, रीत आहे. माझ्या सख्ख्या नातीच्या बारशात मी पाहुणा! मघापासून माझा चहा तसाच पडून गार झालाय. मला फेटा मिळणार म्हणून मी इतका चिडलोय, आणि तुला मिळाला नाही म्हणून तू तितका चिडलायस. आता हे कागदावर सुटायचं नाही. बारशाच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी मोटार घेऊन थेट तुझ्याकडंच येतोय. दार उघड.